नेक्सॉन की ब्रेझा? आधी गिअरबॉक्स ठरवा, गाडी नंतर

प्रश्न : आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. माझं ऑफिस ऐरोलीला, रोज जाऊन-येऊन ४० किमीच्या आसपास होतात आणि गाडी रोज मीच चालवते. आत्ता जुनी मॅन्युअल वॅगनआर आहे, पण डावा गुडघा आता क्लचला नाही म्हणतोय. बजेट ऑन-रोड १४ लाख. मिस्टरांना टाटा नेक्सॉन हवीये, फाइव्ह स्टार आणि टर्बो म्हणून. मला मारुतीची ब्रेझा चालवायला जास्त बरी वाटली, पण घरात सगळे 'रिटायर्ड लोकांची गाडी' म्हणून चिडवतात. दोन्ही पेट्रोल आणि ऑटोमॅटिकच बघतोय. घरात दोन मुलं आणि सासूबाई आहेत. गणपतीला आणि मे महिन्यात चिपळूणला गावी जातो. सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग आहे. धाकट्याला सनरूफ हवंय. काय घेऊ? आणि रंग कोणता घेऊ तेही सांगा.

ताई,

आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. तुमचं रूटीन तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर ब्रेझा ऑटोमॅटिक घ्या. मिस्टर सेफ्टीवर अडून बसले, आणि त्यांचा मुद्दा अजिबात फालतू नाहीये, तर नेक्सॉन घ्या पण डीसीए गिअरबॉक्सवाली, एएमटी नाही (हे दोन्ही ऑटोमॅटिकचे प्रकार, काय ते खाली सांगतो). नेक्सॉन एएमटी हा तिसरा पर्याय तुमच्या यादीतून आजच खोडून टाका, शोरूमवाला कितीही गोड बोलला आणि कितीही डिस्काउंट दिला तरी.

आता का ते. तुमच्या पत्रात टर्बो आलं, स्टार आले, सनरूफ आलं, पण तुम्ही मॅन्युअल सोडताय ते गुडघ्यामुळे, म्हणजे तुमच्यासाठी अख्ख्या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू गिअरबॉक्स आहे आणि त्याबद्दल तुमच्या घरात कुणी एक शब्द बोललेलं दिसत नाही. 'ऑटोमॅटिक' म्हणून जे विकतात त्यात तीन अगदी वेगवेगळ्या जाती येतात आणि या दोन गाड्यांमध्ये मिळून तिन्ही आहेत.

एएमटी म्हणजे तुमच्या वॅगनआरसारखाच साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी एक यंत्र करतं. स्वस्त पडतो, मायलेज चांगलं देतो, मोकळ्या रस्त्यावर काही त्रास नाही. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधे एक क्षण गाडीची ओढ सुटते आणि मग पुन्हा धरते, डोकं हलकंसं पुढे-मागे होतं, ड्रायव्हिंग स्कूलचा नवा पोरगा क्लच सोडतोय असं वाटतं. दिवसातून चार वेळा झालं तर कुणी लक्षही देणार नाही. पण तुम्ही सकाळी कासारवडवलीहून निघून घोडबंदर रोडने मानपाडा, कापूरबावडी करत हायवेला लागणार, मेट्रोच्या कामाने रस्ता आधीच खाल्लेला, कंटेनर आणि ट्रक बाजूला, गाडी दहाच्या स्पीडला सरकणार, थांबणार, परत सरकणार, तिथे हा झटका शंभर वेळा बसतो आणि ऑफिसला पोचेपर्यंत माणूस वैतागतो. मागे सासूबाई असतील तर त्या बोलूनही दाखवतील.

ब्रेझात ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे घासणारी क्लच प्लेट नसते, तेल असतं, तेलातून ताकद पुढे जाते. ब्रेकवरून पाय हलका केला की गाडी आपोआप हळूच सरकायला लागते आणि दाबला की थांबते, बस, बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये एवढंच तर हवं असतं. गिअर बदललेला कळत नाही म्हटलं तरी चालेल. तोटा असा की थोडं पेट्रोल जास्त पितो आणि जोरात एक्सलेटर दाबला की आधी जरा विचार करतो आणि मग निघतो. रचना मात्र जुनी, मुरलेली, वर्षानुवर्षं वापरात असलेली.

नेक्सॉनचा डीसीए म्हणजे ड्युअल क्लच, ७-स्पीड. यात दोन क्लच असतात, एकावर १-३-५-७ आणि दुसऱ्यावर २-४-६, एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार ठेवलेला असतो त्यामुळे बदल पटकन आणि बिनझटक्याचा होतो. हायवेला तर मजा येते. प्रश्न फक्त रांगत्या ट्रॅफिकचा, कारण शेवटी क्लच तो क्लचच, दर वेळी सरकताना तो थोडा घासणार आणि तापणार. नेक्सॉनमधला क्लच तेलात बुडलेला, म्हणजे वेट क्लच आहे, त्यामुळे कोरड्या क्लचवाल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सपेक्षा उष्णता बरीच चांगली झेलतो, म्हणून मी त्याला नाही म्हणत नाहीये. पण वॉरंटी संपल्यावर या बॉक्समध्ये काही निघालं तर बिल बघून घाम फुटतो, म्हणून घेतलीत तर एक्स्टेंडेड वॉरंटी पहिल्याच दिवशी घ्या, 'नंतर बघू' नको. तशी स्टँडर्ड वॉरंटी दोन्ही कंपन्यांची आता ३ वर्षं किंवा १ लाख किमी अशी सारखीच आहे.

आता इंजिन. मिस्टरांचं टर्बो प्रेम मला समजतं, नेक्सॉनचं १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो १२० पीएस ताकद आणि १७० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, ब्रेझाचं १.५ लिटरचं चार सिलिंडरचं साधं इंजिन १०३ पीएस आणि १३७ एनएमच्या आसपास. कागदावर मॅच एकतर्फी. पण टर्बोला फिरायला एक्झॉस्टची हवा लागते, आणि सिग्नलवरून निघताना, गर्दीत पंधरा-वीसच्या स्पीडला इंजिन खालीच फिरत असतं तेव्हा ती ताकद लगेच हाताशी येत नाही, आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं असं होतं. नवीन माणूस यात घाबरतो, सवय झाली की जमतं. ब्रेझाचं इंजिन उलट, फार ताकद कधीच नाही पण जितका पाय दाबाल तितकीच मिळते, आणि चार सिलिंडर असल्याने सिग्नलला उभं असताना स्टेअरिंगला आणि सीटला थरथर जाणवत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय ब्रेझा 'चालवायला जास्त बरी वाटली', त्याचं कारण बहुतेक हेच. तुमच्या पायाला जे कळलं ते बरोबर आहे, घरच्यांनी चिडवू दे.

एक छोटी गोष्ट. ब्रेझा ऑटोमॅटिकमध्ये स्मार्ट हायब्रिड आहे, म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी नव्हे हां, फक्त सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून परत चालू करणारी आणि थोडी मदत करणारी सिस्टिम. मे महिन्यात एसी फुल असताना इंजिन बंद-चालू होत राहिलं की काहींना चीड येते. डॅशबोर्डवर ते बंद करायचं बटण आहे, टेस्ट ड्राइव्हला सेल्समनला दाखवायला सांगा.

आता मिस्टरांच्या बाजूने बोलतो. सेफ्टीत नेक्सॉन पुढे आहे आणि यात 'पण' लावायला जागा नाही. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्टमध्ये ५ स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, आणि नव्या रूपातल्या गाडीला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे, मग आपल्याकडच्या भारत एनकॅप टेस्टचेही ५ स्टार मिळाले, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे. ब्रेझाचे जे ४ स्टार लोक सांगतात ते २०१८ चे, जुन्या विटारा ब्रेझाचे आणि जुन्या नियमांचे, आत्ताची गाडी २०२२ ची नवी आहे तेव्हा ते स्टार हिला चिकटवू नका, ना कौतुक म्हणून ना टीका म्हणून. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टिम) आता दोन्हीत खालच्या व्हेरिअंटपासून मिळतात, तो फरक उरला नाही. पण एअरबॅग वेगळी आणि गाडीचा सांगाडा धडक कशी झेलतो ते वेगळं, क्रॅश टेस्ट दुसरी गोष्ट मोजते आणि तिथे नेक्सॉनकडे दाखवायला कागद आहे.

मग तरी मी ब्रेझा का म्हणतोय? कारण तुमच्या वर्षातले बहुतेक किलोमीटर तीस-चाळीसच्या आतल्या स्पीडला जाणार आहेत, आणि त्या स्पीडला थकलेला, वैतागलेला ड्रायव्हर हाच मोठा धोका असतो असं माझं मत. मत आहे, शास्त्र नाही. तुमच्याऐवजी मिस्टर रोज पुण्याला एक्स्प्रेस-वेने ये-जा करत असते तर मी एका ओळीत नेक्सॉन लिहून हे पत्र संपवलं असतं. आणि एक सांगा, चिपळूणला जाताना मागे बसणारे सगळे बेल्ट लावतात का? ते आधी सुरू करा, दोन्ही गाड्यांत, स्टारचं भांडण त्याच्यानंतर.

चिपळूणवरून आठवलं, गावच्या प्रवासात नेक्सॉन खरंच सरस पडते. मुंबई-गोवा हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना १७० एनएम म्हणजे काय ते कळतं, खड्ड्यात सस्पेन्शन आपटत नाही, ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिमी, ब्रेझाचा १९८. कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे टळतो पण परशुराम घाट आहेच, आणि गाडीत पाच माणसं, एसी चालू, डिकी भरलेली अशा वेळी ब्रेझाचं इंजिन चढाला ओरडतं. चढते, पण ओरडते. डिकीचं म्हणाल तर नेक्सॉन ३८२ लिटर, ब्रेझा ३२८. कागदावरचा हा ५४ लिटरचा फरक जाताना जाणवत नाही, येताना जाणवतो, जेव्हा तांदळाचं पोतं, नारळ, आमसुलं, कुळीथ आणि वर कुणीतरी 'हे पण घेऊन जा गं' म्हणून दिलेली फणसाची पिशवी येते. पण ताई, हे वर्षातून दोनदा. दोन वेळा डिकीत कोंबाकोंबी करायची की उरलेलं वर्षभर रोज घोडबंदर रोडला आरामात जायचं, एवढाच प्रश्न आहे.

सासूबाईंचं काय ते पत्रात एका शब्दात उरकलंत, मला ते महत्त्वाचं वाटतं. ब्रेझा उंच आणि डब्यासारखी चौकोनी आहे, उंची १६८५ मिमी, नेक्सॉन १६२० आणि तिचं छत मागे उतरत जातं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ना खाली वाकून बसायला लागलं पाहिजे ना वर चढायला, सीट कमरेच्या लेव्हलला पाहिजे, आणि आत जाताना डोकं वाचवायला मान वाकवायला लागू नये. ब्रेझा यात बरी. पण माणसामाणसात फरक असतो म्हणून सासूबाईंना शोरूमला न्या, साडी नेसूनच न्या, दोन्ही गाड्यांत मागच्या दारातून चार-चार वेळा बसवा-उतरवा. सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे, त्याला त्याचेच पैसे मिळतात.

आता मेकॅनिकल पार्किंग. हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, कारण बुकिंग करून मोकळे झालेले आणि मग गाडी पॅलेटवर, म्हणजे पार्किंगच्या लोखंडी फळीवर, बसत नाही म्हणून सोसायटीशी भांडणारे लोक ठाण्यात कमी नाहीत. दोन्ही गाड्यांची लांबी ३९९५ मिमी, लांबीचा प्रश्न एकसारखाच. रुंदी नेक्सॉन १८०४ आणि ब्रेझा १७९०, आणि ही आरसे सोडून असते हे लक्षात ठेवा. खरा घोळ उंचीचा आहे. बऱ्याच स्टॅक आणि पझल पार्किंगमध्ये काही लेव्हल फक्त सेडान-हॅचबॅकसाठी असतात, साधारण १५५० मिमीपर्यंतच्या, तिथे या दोन्हीही जाणार नाहीत, आणि एसयूव्हीची लेव्हल असली तरी ब्रेझाचे ६५ मिमी जास्त मधे येऊ शकतात. सोसायटीच्या ऑफिसात सिस्टिमची प्लेट लावलेली असते त्यावर मॅक्झिमम उंची, रुंदी, वजन लिहिलेलं असतं, तिचा फोटो काढा. मग टेप घेऊन स्वतः पॅलेटची आतली रुंदी मोजा. वॅगनआर जाते म्हणून ही जाईल असं धरू नका, ती या दोन्हीपेक्षा बरीच अरुंद आहे. तुमची जागा १६८५ घेत नसेल तर माझा सगळा सल्ला इथेच संपला, नेक्सॉन घ्या किंवा जागा बदलून घ्या.

पैशाकडे येऊ. इथे एक गंमत आहे जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा 'छोट्या गाड्यांवर टॅक्स कमी झाला' अशी बातमी आली, पण सरकारच्या हिशोबात छोटी पेट्रोल गाडी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत, दोन्ही अटी एकदम. ही व्याख्या मूळची २००६ च्या बजेटमधली, म्हणूनच आपल्याकडे सगळ्या गाड्या ३९९५ मिमीला येऊन थांबतात. नेक्सॉन ११९९ सीसी, दोन्ही अटीत बसली, टॅक्स १८ टक्के. ब्रेझा तितकीच लांब पण इंजिन १४६२ सीसी, एका अटीत नापास, टॅक्स ४० टक्के. आधी हेच २९ आणि ४५ होतं, म्हणजे ब्रेझाचाही कमी झाला पण दरी वाढली. समजा टॅक्सआधी गाडी ७ लाखांची असेल तर १८ टक्क्यांनी ती ८ लाख २६ हजार होते आणि ४० टक्क्यांनी ९ लाख ८० हजार. तेवढ्याच पैशात ब्रेझात फीचर कमी का दिसतात याचं एक मोठं कारण हे, तुमचे पैसे स्क्रीन आणि कॅमेऱ्याऐवजी सरकारकडे जातात. हे तुम्हाला खटकत असेल तर खटकू दे, मलाही खटकतं, पण ट्रॅफिकमध्ये गाडी सरकवतो तो गिअरबॉक्स, टॅक्सची पावती नाही.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स एक्स-शोरूम १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के, आणि तो वरच्या रकमेवर नाही तर पूर्ण किंमतीवर लागतो. म्हणून एखादं व्हेरिअंट १० लाखांच्या जरासं वर असेल तर रोड टॅक्सही उडी मारतो. दहाच्या वर गेलात की १ टक्का टीसीएससुद्धा (गाडी घेतानाच आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स) लागतो, पण तो खर्च धरू नका, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, फक्त ज्यांच्या नावावर गाडी त्यांच्याच पॅनवर येईल हे बघा. थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये दोन्ही गाड्या १००० ते १५०० सीसीच्या एकाच गटात आहेत तेव्हा तिथे फरक नाही. १४ लाखांत ब्रेझाची व्हीएक्सआय ऑटोमॅटिक आरामात बसावी, झेडएक्सआय काठावर येईल. नेक्सॉनची डीसीए क्रिएटिव्ह व्हेरिअंटपासून सुरू होते, तीही बसावी.

आणि मायलेज. ब्रेझा ऑटोमॅटिकचं कंपनीचं सर्टिफाइड मायलेज १९.८० आणि नेक्सॉन डीसीएचं १७.०१, पण हे आकडे लॅबमधले, घोडबंदर रोडला विसरून जा. ट्रॅफिकमध्ये नेक्सॉनला १० आणि ब्रेझाला साडेअकरा धरून चालू. महिन्याला हजार किमी म्हणजे वर्षाला १२ हजार, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला साधारण १६ हजारांचा फरक पडतो. वाईट नाही, पण फक्त याच्यासाठी ब्रेझा घ्यावी एवढाही नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते त्यामुळे मायलेज थोडं खालीच येणार, दोन्हीकडे. दोन्ही नव्या गाड्या ई-२० साठी बनलेल्या आहेत, ती काळजी नको. एक दिलासा म्हणजे ऐरोलीच्या टोल नाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे.

सनरूफ… धाकट्याला सांगा आत्याच्या गाडीत बघ. ब्रेझात ते झेडएक्सआयपासून वर येतं आणि त्यासाठी बजेट ताणण्यात काही अर्थ नाही. नेक्सॉन घेतलीत आणि त्यात आलंच तर मुलांना उभं राहून डोकं बाहेर काढू देऊ नका, एवढं एकच सांगतो.

आत बसल्यावर एक गोष्ट स्वतः करून बघा. दोन्ही गाड्यांत, चालवताना, रस्त्यावरची नजर न काढता एसीच्या हवेची दिशा बदला. ब्रेझात बटण आहे, बोटाला सापडतं. नेक्सॉनमध्ये बरंचसं गुळगुळीत टच पॅनेल आहे, दिसायला भारी, पण नेमकं कुठे दाबलं हे बघायला नजर खाली जाते. मला हे अजिबात आवडत नाही, आणि पुन्हा त्यावर बोटांचे डाग. उलट नेक्सॉनच्या सीट मोठ्या आणि भक्कम वाटतात, दार बंद केल्यावर येणारा आवाजही भारदस्त, ब्रेझाचं दार त्यामानाने हलकं. काही लोक एवढ्यावरच गाडी ठरवतात.

टेस्ट ड्राइव्हबद्दल. शोरूमवाले रविवारी सकाळी मोकळ्या सर्व्हिस रोडला एक चक्कर मारून आणतात आणि 'कशी वाटली मॅडम' विचारतात, त्याला काही किंमत नाही. तुमच्या घरापासून गायमुख जवळ आहे, संध्याकाळी साडेसहाला दोन्ही गाड्या गायमुख घाटात न्या, वेगवेगळ्या दिवशी चालेल, पण चार माणसं बसवून आणि एसी फुल करून. चढावर ट्रॅफिक थांबेल तिथे गाडी थांबवा, ब्रेकवरून पाय काढा, गाडी मागे सरकते का, पुढे निघताना झटका येतो का, पाठीमागे ट्रक असताना तुमच्या पोटात गोळा येतो का ते बघा. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी जरा वेळ धरून ठेवणारी सोय, दोन्हीत आहे, तो किती वेळ धरतो आणि सुटल्यावर पुढची ओढ लगेच येते का हे महत्त्वाचं. परत येताना पातलीपाडा किंवा मानपाड्याच्या पुलाखालच्या सिग्नलला थांबून स्टेअरिंगवर हात हलका ठेवा, थरथर तिथे कळेल. आणि मिस्टरांना बाजूच्या सीटवर बसवा, ड्रायव्हर सीटवर नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी चालवू द्या, नाहीतर घरी येऊन चर्चा त्यांच्या ओव्हरटेकचीच होईल.

सर्व्हिसचं थोडक्यात. मारुतीचं जाळं मोठं आहे हे तुम्हाला माहीत आहेच, चिपळूणच्या बाजूला गाडी बंद पडली तर त्याचा उपयोग होतो. टाटाचा अनुभव कुठल्या सेंटरला जाता यावर फार अवलंबून असतो, म्हणून नेक्सॉन घेणार असाल तर सोसायटीतल्या दोन-चार नेक्सॉनवाल्यांना गाठा आणि ते कुठे सर्व्हिस करतात, एवढंच विचारा. गाडी कशी आहे ते विचारू नका, स्वतः घेतलेल्या गाडीला कुणी नावं ठेवत नाही.

कोटेशन घेताना लेखी ब्रेकअप मागा. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक चार्जेस अशा नावाने काही लावलं असेल तर काढायला सांगा. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून झिरो डेपचं (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणाऱ्या पॉलिसीचं) कोटेशन काढून दाखवलं की त्यांचाही आकडा खाली येतो. वॅगनआर एक्स्चेंजला देण्याआधी बाहेर दोन ठिकाणी भाव काढा, जुनी असली तरी वॅगनआरला गिऱ्हाईक लगेच मिळतं. डिलिव्हरीआधी गाडी स्टॉकयार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा, चासिस नंबरवरून बनल्याचा महिना विचारून घ्या, सहा-आठ महिने उन्हात उभी असलेली गाडी नव्याच्या भावात देऊ केली तर एकतर दुसरी मागा नाहीतर भाव पाडा.

रंग म्हणाल तर काळा नको, तुमच्याकडे मेट्रोच्या कामाची धूळ आहे आणि ती काळ्यावर अर्ध्या तासात दिसते, शिवाय ऐरोलीला ऑफिसखाली उघड्यावर पार्किंग असेल तर मे महिन्यात दार उघडवणार नाही. पांढरा किंवा सिल्व्हर घ्या. मुलांना निळा हवा असेल तर तोही चालेल.